दहा बाय अठराच्या गाळ्यात एस्प्रेसो बार: आधी ओट्याखालचं, मग भिंतीवरचं

सोलापुरात एस्प्रेसो बार काढायचाय असं म्हणत जो कोणी माझ्याकडे येतो, त्याच्या मोबाइलमध्ये वीस-पंचवीस फोटो असतातच. उघड्या विटांची भिंत, लोंबकळणारे पिवळे दिवे, काळ्या लोखंडी पाइपांची मांडणी आणि हल्ली एका भिंतीवर काचेत बसवलेली सोलापुरी चादर. मी फोटो नीट बघतो, मोबाइल परत देतो आणि विचारतो, "गाळ्यात पाणी कितव्या दिवशी येतं?" समोरचा हिरमुसतो. पण खरं काम तिथूनच सुरू होतं. अशा बारचे पैसे पाणी, सांडपाणी, वीज आणि ऊन यांत घालायचे असतात. भिंतीला जे उरेल ते.

मी इथं दुकानांच्या गाळ्यांचं काम करतो. कापडाची दुकानं, मेडिकल, ज्यूस सेंटर करत करत कॉफीकडे आलो, त्यामुळे पुढचं सगळं मिस्त्री-सुताराच्या भाषेत आहे. बोलायला सोपं जावं म्हणून एक गाळा धरू: आतून १० फूट रुंद, १८ फूट खोल, १० फूट उंच, तोंड पश्चिमेला. होटगी रोड, सात रस्ता, जुळे सोलापूर, कुठंही या मापाचे गाळे सर्रास मिळतात. पश्चिम मुद्दाम धरली, कारण ती सगळ्यात छळते.

हा कॅफे नाही, हे आधी ठरवा

एस्प्रेसो म्हणजे साधारण ९ बार दाबानं (बार हे दाबाचं माप), २५ ते ३० सेकंदांत उतरवलेली कॉफी. १८ ग्रॅम पूड आणि कपात ३६ ग्रॅम द्रव हे आजचं प्रचलित गणित. तीन घोटांत संपते. इटलीत बऱ्याच बारमध्ये लोक ओट्याला टेकून उभ्यानं पितात, आणि टेबलावर बसलात तर तीच कॉफी महाग पडते. मिलानच्या लुईजी बेझेरानं १९०१ मध्ये वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते एकेक कप झटपट काढण्यासाठी. घाई या पेयाच्या जन्मातच आहे.

ही चाल सोलापूरकराला शिकवावी लागत नाही. अमृततुल्यासमोर गाडी स्टँडवर लावून, एक पाय पायरीवर ठेवून कटिंग मारणारं आपलं गाव. मग एस्प्रेसो बार काढताना पहिला खर्च सोफ्यावर का करायचा? १८० चौरस फुटांत चार टेबलं टाकली की सोळा लोक दोन-दोन तास बसतात आणि गल्ला तसाच राहतो. "काय बे, बसायला जागा नाय?" असं पहिल्या आठवड्यात ऐकू येईल. येऊ द्या. दोन-चार जणांची बसायची सोय आपण करणार आहोत, पण तिची जागा नंतर ठरेल.

रांगोळीनं आखा, खोक्यांनी खेळा

गाळा रिकामा असतानाच पांढरी रांगोळी घेऊन जमिनीवर पूर्ण आराखडा काढा. कागदावरचा अडीच फूट आणि पोटाला टेकणारा अडीच फूट यांत फार फरक असतो. रुंदीची वाटणी मी अशी करतो: एका लांब भिंतीला १ फूट खोल कप्पे, मग बरिस्ताला, म्हणजे कॉफी काढणाऱ्याला, वावरायला २ फूट ९ इंच, मग २ फूट ३ इंच खोल ओटा. झाले ६ फूट. उरलेले ४ फूट गिऱ्हाइकाचे. समोरच्या भिंतीला ८ इंचांची फळी धरली तर चालायला ३ फूट ४ इंच राहतात. अरुंद आहे, नाकारत नाही. म्हणूनच रस्त्याच्या बाजूला खिडकी हवी, म्हणजे पार्सलवाल्यानं आत यायलाच नको.

खोलीचे पहिले १४ फूट ओट्याला द्या, मागचे ४ फूट भांडी धुणं, साठवण आणि फिल्टरला. रस्त्याकडून आत येताना ओट्यावरचा क्रम असा:

- गल्ला, अडीच फूट. हा रस्त्याच्या कोपऱ्यात, म्हणजे एकच माणूस खिडकी आणि आतली रांग दोन्ही बघतो.
- नानकटाई, केक, बिस्किटांचं काचेचं कपाट, २ फूट.
- ग्राइंडर, १ फूट.
- मशीन, अडीच फूट. आज एकाच ग्रुपचं (ग्रुप म्हणजे हँडल लावून कॉफी उतरवायचं तोंड) घेणार असलात तरी जागा दोन ग्रुपची सोडा.
- दुधाची जागा आणि जग धुवायचा दाबनळ, दीड फूट.
- तयार कप ठेवायची जागा, २ फूट. इथं काहीही मांडायचं नाही. साखरेचा डबासुद्धा नाही.
- शेवटचे अडीच फूट बसणाऱ्यांचे.

आता मशीनच्या मापाचं खोकं, ग्राइंडरच्या मापाचा डबा, फ्रिज म्हणून एखादा क्रेट मांडा आणि खोट्या वीस कॉफ्या बनवा. हँडल काढलं, चोथा झटकला, फडक्यानं पुसलं, पूड घेतली, दाबली, लावलं, दूध काढलं, वाफ दिली, ओतलं, पुढे सरकवलं. कॉफी काढताना पाय हलता कामा नयेत, फार तर अर्धं पाऊल. जिथं वळून दोन पावलं टाकावी लागली तिथं रांगोळी पुसा आणि पुन्हा काढा. दिवसाला दीडशे कपांना दोन-दोन पावलं जादा म्हणजे संध्याकाळी पोराचे गुडघे बोलतात. ओट्यामागे दोन माणसं राहणार असतील तर दोघांना एकदम उभं करून बघा. पाठीला पाठ घासली तर चालते, कोपराला गरम जग लागून चालत नाही.

फ्रिज ओट्याखाली, वाफेच्या नळीच्या बाजूला. पण २ फूट ९ इंचांच्या बोळात मोठं दार उघडलं की रस्ता बंद. अरुंद दोन दारांचा किंवा ड्रॉवरचा घ्या आणि हवा खेळायला मागे-बाजूला ३-४ इंच सोडा. नाहीतर मे महिन्यात कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेणार नाही.

पाणी

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. सोलापूरचं नळाचं पाणी मुख्यतः उजनीचं, आणि ते रोज येत नाही हे इथं कुणाला सांगायला नको. मध्ये बोअरवर भागवायचं म्हटलं तर आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड. गॅस गीझरच्या नळीवरचा पांढरा थर ज्यानं खरवडलाय त्याला कळेल. तोच थर मशीनच्या बॉयलरमध्ये बसतो. मग तापायला वेळ, दाब कमी-जास्त, आणि एके दिवशी व्हॉल्व्हच अडकतो. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून किंवा हैदराबादहून येईपर्यंत दुकान बंद.

यावर लोक करतात काय, तर घरच्यासारखा आरओ बसवून मोकळे होतात. ही उलटी चूक. अगदी निखळ आरओच्या पाण्यात कॉफी फिकी उतरते, धातू झिजायची भीती असते आणि काही मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर असं पाणी ओळखतच नाही, कारण त्यातून वीज पुरेशी वाहत नाही. स्पेशॅल्टी कॉफीच्या जगात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, १५० च्या आसपास चांगला मानतात, ७५ ते २५० पर्यंत चालवून घेतात. म्हणून आरओनंतर थोडं मूळ पाणी परत मिसळायचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. हिशोब सोपा आहे. नळाचं पाणी ४०० टीडीएसचं आणि आरओचं ४० चं असेल, तर तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं मिळून १३० येतात. मिसळायचं पाणी नळाचंच घ्या आणि कार्बन फिल्टरमधून आणा. बोअरचं नको. त्यातले क्षार स्टीलच्या बॉयलरलाही सोडत नाहीत.

एक सावधगिरी. टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही, नुसते विरघळलेले सगळे क्षार मोजतो. जडपणासाठी थेंब टाकून रंग बघायचं किट मिळतं. मत्स्यालयाच्या दुकानातही असतं, फार महाग नसतं. गाळा भाड्यानं घ्यायच्या आधी ते खिशात घालून जा.

साठवण. कप धुण्यासकट मी कपामागे २ लिटर धरतो. दीडशे कपांना ३०० लिटर. पाच दिवसांची बेगमी म्हणजे १,५०० लिटर, म्हणजेच दीड टन वजन. ते पोटमाळ्यावर चढवायचा विचारसुद्धा करू नका. गच्चीवर टाकी बसवायला घरमालक तयार आहे का, हे भाडेकरारात लिहून घ्या, तोंडी नको. पिण्याचं तयार पाणी मात्र वेगळं ठेवा. २० लिटरचे दोन जार आणि छोटा पंप ओट्याखाली ठेवले की मशीनला सारखा दाब मिळतो आणि नळाच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध राहत नाही.

सांडपाणी, आणि माझी एक फजिती

मशीनच्या ताटलीतून दिवसभर पाणी गळत असतं. त्याची नळी बादलीत सोडणारे बार मी पाहिलेत. ऐन गर्दीत बादली भरते, आणि ती नेमकी कुणाच्या तरी पायाला लागते. नळी पक्क्या पाइपातच सोडा, पण पाइपात खुपसू नका. वर नरसाळं ठेवून इंच-दोन इंच मोकळी हवा राहू द्या, म्हणजे गटारीतलं उलट चढणार नाही.

दोन इंची पाइप, १० फुटांना ३ इंच ढाळ. हे वाक्य प्लंबरला ऐकवून थांबू नका, पाइपावर लेव्हल-बाटली ठेवून स्वतः बघा. सुरुवातीच्या एका कामात मी ते ठेकेदारावर सोडलं होतं. त्यानं पाइप जमिनीत गाडला, वर फरशी बसवली, दिसायला चकाचक. दूध मिसळलेलं पाणी आत साचून राहिलं आणि मे महिन्यात कॉफीच्या वासाऐवजी ताकाच्या मडक्याचा वास यायला लागला. नवी फरशी फोडली. तेव्हापासून पाइप जमिनीत गाडतच नाही. ओट्याचा पाया ४ इंच उचलतो आणि पाइप त्या पोकळीतून भिंतीकडेनं नेतो. पुढे काढता येणारी पट्टी. तुंबलं तर दहा मिनिटांत उघडतं. शेवटी नहाणी ट्रॅप विसरू नका, नाहीतर रात्री झुरळं येतात.

चोथा कधीच बेसिनमध्ये नाही. ओट्यात ६ इंची गोल भोक, त्याला आडवी रबरी दांडी, खाली डबा. भोक ग्राइंडरच्या लगत. हा चोथा कुंड्यांसाठी न्यायला माणसं आपणहून येतात.

वीज

वायरमनला बोलवायच्या आधी कागदावर बेरीज करा. दोन ग्रुपची मशीन ४ किलोवॅट, ग्राइंडर अर्धा, दोन टनाचा एसी २, गीझर दीड, फ्रिज-दिवे-पंखे मिळून अर्धा. साडेआठ झाले. एवढा भार जुन्या गाळ्याच्या सिंगल फेज जोडणीवर टाकू नका. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा, सुतार लावल्यावर नाही.

मशीनला मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा). पाणी, वाफ आणि वीज एका हाताच्या अंतरावर आहेत, तिथं अर्थिंगमध्ये काटकसर करणारा मालक मला चालत नाही. सॉकेट ओट्याच्या पृष्ठभागापासून किमान ८ इंच वर, मशीनच्या पाठीमागे नाही तर बाजूला. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर दिवे, गल्ला, पंखा आणि ग्राइंडर चालतील. मशीन चालत नाही. ती परत तापायला वीस-तीस मिनिटं घेते. म्हणून गाळणीच्या कॉफीचं सामान आणि थर्मास ठेवायला एक कप्पा राखा. शेजारच्या कर्नाटकामुळे आपल्याकडे फिल्टर कॉफी पिणारी घरं पुष्कळ आहेत, त्यांना यंत्र बंद असल्याचं दुःख होत नाही.

ऊन आणि धूळ

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि पारा ४२-४३ ला टेकतो. वरती उघडी गच्ची असेल तर स्लॅब भट्टी होतो. आतला खर्च करण्याआधी घरमालकाला विचारून गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या. एसीच्या बिलात तो वसूल होतो.

पश्चिमेच्या दर्शनी भागाला वरपासून खालपर्यंत काच लावायचा मोह आवरा. मॉलमधल्या दुकानाला बाहेर ऊन लागत नाही, तुमच्या गाळ्याला लागतं. डोक्यावरचा छज्जा दुपारचं ऊन अडवतो, पण साडेचारनंतरची तिरपी किरणं त्याच्याखालून थेट मशीनपर्यंत येतात. त्यासाठी उभं काहीतरी हवं: बांबूचा चिक, उभ्या पट्ट्यांची जाळी, नाहीतर सरळ कडुनिंबाचं झाड असलेला गाळाच बघा. मी ६ फुटांच्या ओट्याच्या भागात ३ फूट भिंत, वर सरकती खिडकी आणि बाहेर गुंडाळता येणारा चिक देतो. उरलेले ४ फूट दार. चिकावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारी जुनी माणसं अडाणी नव्हती.

एसीचा झोत मशीनवर नको, कपांवर नको आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर तर नकोच. तो खोलीच्या लांबीनं मागून दाराकडे सोडा. मशीनच्या वर एक एक्झॉस्ट, तो हळू फिरणारा, नाहीतर थंड केलेली हवाच बाहेर फेकतो.

कोरड्या उन्हाळ्याची आणखी एक गंमत आहे. एप्रिलमध्ये हवेत ओलावा नसला की दळताना पुडीत स्थिर वीज तयार होते, पूड उडते आणि ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते. बरिस्ता दळायच्या आधी बियांवर पाण्याचा एक फवारा मारतात, त्यानं फरक पडतो. पण आपल्या कामाचा भाग असा की ग्राइंडरखाली उचलून धुता येणारा ट्रे द्या, आणि त्याच्या मागे चिरा असलेली लाकडी पट्टी लावू नका. त्या चिरांतली कॉफी कुणी कधीच काढत नाही.

धुळीबद्दल थोडक्यात: उघडे कप्पे फोटोत छान दिसतात, पण विजापूर रोडवर दुसऱ्या दिवशी पांढरे होतात. रोज हातात येणारे कपच उघड्यावर ठेवा, बाकी सगळं दाराआड. चकचकीत काळा ओटा धूळ, साखर आणि बोटांचे ठसे सगळं जाहीर करतो. करड्या, ठिपक्याच्या ग्रॅनाइटला पोटात ठेवायची सवय असते.

ओटा आणि फरशी

ओट्याची उंची ३६ इंच. वर मशीन साधारण २० इंच, म्हणजे जमिनीपासून ५६. साडेपाच फुटी बरिस्ताचा चेहरा दिसतो. पूर्वीची यंत्रं मनोऱ्यासारखी उभी असत. आडव्या बॉयलरची यंत्रं नंतर आली आणि माणूस यंत्राआडून दिसू लागला. ती सोय फुकट घालवू नका. बरिस्ता उंचीनं कमी असेल तर मशीनपुरता ओटा दोन इंच खाली घ्या. मशीन मागच्या भिंतीला लावणारेही आहेत, पण मग गिऱ्हाइकाला दिवसभर पाठच दिसते. चहावाल्याची उंचावरून पडणारी धार बघायला लोक उगाच थांबत नाहीत.

दोन ग्रुपची मशीन साठ-सत्तर किलोंची असते. तिच्याखाली नुसत्या प्लायचा खोका चालत नाही. लोखंडी चौकट करा, वर ग्रॅनाइट. आतलं फर्निचर आयएस ७१० या पाणी सोसणाऱ्या प्लायचं आणि बेसिनखाली तर डब्ल्यूपीसीच (लाकूड-प्लास्टिकची फळी), कारण तिथला प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो. कडाप्पा स्वस्त पडतो आणि दिसतोही देखणा, पण तो चुनखडीचा दगड आहे. लिंबाचा थेंब पडला की डाग पडतो. लेमन टी किंवा एस्प्रेसो टॉनिक विकणार असाल तर ओट्यावर कडाप्पा नको. शहाबादीचंही तसंच, पण ती खाली, गिऱ्हाइकाच्या बाजूला मला फार आवडते. शहाबाद आपल्यापासून फार लांब नाही, दगड स्वस्त येतो, पायाला थंड लागतो, आणि जुन्या सोलापूरच्या वाड्यांची, शाळांची आठवण त्यात आपोआप असते. पॉलिश अर्धवटच करा आणि सीलर दोनदा मारा. ओट्यामागे मात्र खडबडीत टाइल. तिथं पाणी सांडतंच.

मशीन बसायच्या आधी ओटा पक्का करू नका. मॉडेल ठरवा, कंपनीकडून मापाचा कागद मागवा, नळ्यांसाठी ३ इंची भोक कुठं ते त्यावर बघा. सुतार घाई करेल. "साहेब, मागून पाडू की भोक." ग्रॅनाइटला मागून भोक पाडलेलं मी एकदा ऐकलंय, म्हणजे तडकल्याचा आवाज ऐकलाय.

उभं राहणं, टेकणं, बसणं

समोरच्या भिंतीची ८ इंची फळी ४२ इंचांवर. खाली, जमिनीपासून ६-७ इंचांवर पाय ठेवायला पाइप. हा पाइप नसेल तर माणूस दोन मिनिटांत भिंतीला बूट टेकवतो आणि महिन्याभरात तिथं काळा पट्टा होतो. फळीला पुढच्या बाजूनं गोलाई द्या, आणि वर आरसा लावायचा विचार असेल तर सोडून द्या. अरुंद जागेत कॉफी पिताना स्वतःचंच तोंड बघायला कुणाला आवडतं?

बसायचे अडीच फूट ३० इंच उंचीला. ओटा पुढे १० इंच काढा म्हणजे गुडघे आत जातात. दोन पाठीच्या खुर्च्या, स्टूल नाहीत. आजी-आजोबा, गुडघेदुखीवाले, चाकाच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक, कडेवर बाळ असलेली आई, यांच्यासाठी ही जागा. दाराला पायरी असेल तर लाकडी उतार करून ठेवा. बाहेर गाळ्याच्या हद्दीत १६ इंच उंच कट्टा बांधा. आपल्याकडे एका वेळी दोन गाड्यांवर चौघं येतात, त्यांना खरं तर कट्टाच हवा असतो. मात्र गाड्या दारात आडव्या लागणार नाहीत अशी दोन कुंड्यांची आडकाठी आधीच घाला. नंतर घातली की भांडण होतं.

आवाज

रिकाम्या गाळ्यात टाळी वाजवा. घुमली की समजा, ग्राइंडर सुरू झाल्यावर ऑर्डर ओरडून द्यावी लागणार. दगड, काच, टाइल, सगळंच कडक, आवाज कुठं मुरणार?

आणि इथं चादर येते. भिंतीवर काचेत नाही. काच लावली की ती चित्र होते आणि आवाज आणखी वाढवते. जाड सुती जॅकार्ड विणीची चादर छताखाली लाकडी पट्ट्यांवर ताणून, छतापासून ३-४ इंच अंतर ठेवून लावा. मधल्या पोकळीमुळे कापड आवाज जास्त पितं. गिऱ्हाइकाच्या चार फुटांवरच लावा, मशीनच्या वाफेवर आणि दिव्यांना चिकटून कधीच नाही. वेल्क्रोनं अडकवा, दर महिन्याला काढून धुवा. वर पाहिलं तर ओळखीची नक्षी दिसते. जो बघेल तो बघेल.

चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं हे गाव, पण इथले बार परगावाहून मागवलेली मायक्रोफायबरची फडकी वापरतात, याचं मला नवल वाटतं. बरिस्ताला तीन फडकी लागतात: वाफेच्या नळीचं ओलं, हँडलच्या जाळीचं कोरडं आणि ओट्याचं. तिन्ही वेगळ्या रंगांची, कधीच अदलाबदल नाही. छोट्या मापाचे टेरी नॅपकिन इथल्या कारखान्यांतून डझनावर मिळतात. ओटा आखतानाच तीन खुंट्यांची जागा ठरवा: पहिली वाफेच्या नळीच्या उजवीकडे, दुसरी चोथ्याच्या भोकाशी, तिसरी तयार कपांच्या जागेखाली.

जुने लाकडी धोटे दाराच्या मुठीला, जॅकार्डची भोकाची पुठ्ठ्याची कार्डं दिव्याला, बॉबिनचं झुंबर, असं सगळं एकदम करू नका. जुन्या गिरणीतलं काहीतरी हाती लागलं तर एकच वस्तू, तीही वापरात. धोटा मुठीला चांगला बसतो, हातानं घासून गुळगुळीत झालेलाच असतो. गिरणीत ज्यांच्या आज्यानं पाळ्या केल्या ती माणसं तुमच्या दारातून येणार आहेत. त्यांच्यासमोर त्याचं प्रदर्शन मांडलं तर ओशाळं व्हायला होतं.

दिवे, रंग, पाटी

दिवे ३,००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. कमी सीआरआयच्या दिव्यात कॉफीवरची तांबूस साय मातकट दिसते. लोंबता दिवा डोळ्यांच्या रेषेत आणू नका. बरिस्ताच्या हातावर उजेड हवा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत नको. भिंतीला खाली ३ फुटांपर्यंत धुता येणारा ऑइल पेंट किंवा टाइल, वर चुनकळीसारखा पांढरट रंग.

पाटी मराठीत, देवनागरीत, आणि बाकी भाषांपेक्षा लहान अक्षरांत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा राज्याचा कायदाच आहे. दरपत्रकाचं म्हणाल तर मराठीखाली कन्नड आणि तेलुगूत एकेक ओळ द्यायला काय हरकत आहे? शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं गिऱ्हाईक ती वाचून हसतं, आणि हसलेलं गिऱ्हाईक परत येतं. शॉप अ‍ॅक्ट आणि फूड लायसन्सची चौकट गल्ल्यामागे आधीच आखा, नाहीतर नंतर ती सगळ्यात सुंदर भिंतीवर खिळ्यानं ठोकली जाते.

कामाचा क्रम आणि पैसे

मशीन-ग्राइंडर सोडून हाती १०० रुपये असतील तर माझी वाटणी अशी: ४० पाणी, सांडपाणी, वीज आणि एसीला, २५ ओटा-फर्निचरला, १५ दर्शनी भाग आणि सावलीला, १० फरशीला. उरलेल्या १० पैकी ५ दिवे-रंगाला आणि ५ हात न लावता बाजूला. प्लंबर, वायरमन, फरशीवाला, सुतार, रंगारी, याच क्रमानं माणसं लावा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत उद्घाटन करायची हौस असते. होम मैदानाजवळ गाळा असेल तर ठीक, पण त्यासाठी काम दिवाळीआधी संपायला हवं. यात्रेच्या आठवड्यात मिस्त्री फोन उचलत नाही.

उद्घाटनाआधी दोन संध्याकाळी ओळखीच्या तीस माणसांना एकदम बोलवा, पाऊण तासात सगळ्यांना कॉफी द्या आणि तुम्ही स्वतः ओट्यामागे न जाता कोपऱ्यात उभे राहा. कोण कुठं अडखळतं, कप कुठं साचतात, दार कुणाला लागतं, एवढंच लिहा. त्या बाजूला ठेवलेल्या ५ रुपयांतून सुताराला आणखी एकदा बोलवायचंय. बहुतेक वेळा तो तिसरी खुंटी हलवायलाच येतो, कारण तुम्ही ती स्वतःच्या उंचीला लावलेली असते, बरिस्ताच्या नाही.